फणसाच्या फळीला तेलाचा हात

रविवार, २ मार्च १९८६

जयवंताच्या कारखान्यातून नव्या वर्षाला ही डायरी आली आणि कपाटावर पडून राहिली. घरात शिकलेली माणसं तीन, पण लिहायला कुणाकडे काही नाही. मला अक्षर येत नाही आणि सांगायला पोटभर आहे. कोरी पानं वाया जातात हे मला बघवेना. म्हणून आता मी सांगते आणि सून वसुधा लिहिते. दुपारची जेवणं आटपली की ती भिंतीला टेकते, डायरी मांडीवर. मी बोलते मालवणीत, ती उतरवते शाळेतल्या भाषेत. खरोखर काय उतरवते ते देवाला ठाऊक. वाचून दाखवते तेव्हा मीच मला बरीच शिकलेली वाटते.

तर मी रुक्मिणी. जयवंत माझा मुलगा. संपात गिरणी गेली, आता चारकोपला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात आहे. बोरिवलीतल्या या चाळीत आमच्या दोन खोल्या आणि पुढची गॅलरी.

आज लिहावं असं घडलं. माझी नात जानकी अंधेरीला एका कारखान्यात रेडिओच्या पोटातल्या तारांना कथलाचा डाग देते. मागे एकदा तिने माझ्या गादीखालची फणसाची फळी मागितली. गावच्या घराचा माळा उतरवला तेव्हा मी ती एसटीच्या टपावर घालून आणली होती. तिच्यावर झोपलं की कमर बरी राहायची. मला वाटलं, पोरगी देवाला चौरंग करील. दिली. आज फळी परत आली ती दोन शिंगं घेऊन. वर दोन शिंगं, मध्ये कंबर, खाली बसकण.

मी म्हटलं, "काय गो चेडवा, म्हशीचं डोकं केलंस की काय?"

"आजी, गिटार आहे. इलेक्ट्रिक."

मी हबकलेच. तंबोऱ्याला भोपळा असतो, ढोलकीला पोट असतं. हिला पोटच नाही, सगळी भरीव. आवाज यायचा कुठून? तिने एक छोटी डबी दाखवली, आत केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. शिवणयंत्राच्या चाकावर तिने ती स्वतः गुंडाळली. मला वाटत होतं, पोरगी ब्लाउज शिवते. तारेचा आवाज या डबीत जाणार, डबीतून विजेत, विजेतून खोक्यात. लाकडाने नुसतं धरून ठेवायचं. म्हणजे माझ्या फळीला आजवर जे काम होतं तेच.

फळी कापली भीमराजने. तो मागच्या चाळीतला, गोरेगावला स्टुडिओत सेट बांधणारा सुतार. सोमवारी महाल बांधतो आणि शनिवारी मोडतो. असला कामधंदा मी दुसरा ऐकलेला नाही. चौदा एप्रिलला त्यांच्या बुद्धविहाराच्या मैदानात जयंतीचा कार्यक्रम असतो, त्यात भीमराज गातो. त्यांचा बेंजोवाला गावी गेला तो गेलाच. म्हणून यंदा त्याच्या गाण्यांना जानकी गिटार धरणार. तोवर गिटार पुरी व्हायला हवी. हे तिने मला कानात सांगितलं, बापाला अजून सांगितलेलं नाही. म्हणजे आता वसुधालाही कळलं. वसुधाची मान खाली आहे आणि ती लिहिते आहे.

रविवार, ९ मार्च

भीमराजने रंगाच्या दुकानातून बेल तेल आणलं. जवसाचं तेल, उकळून दाट केलेलं, सुतार लाकडाला लावतात ते. बाटलीचं बूच काढलं आणि असा वास सुटला की खालच्या मजल्यावरची बाई पायरीवर येऊन वर बघून गेली. मी म्हटलं, अरे, घरात खोबरेल आहे, ते लाव. दोघं हसली. खोबरेल लाकडावर सुकतच नाही म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाला लागत राहतं. हे तेल सुकतं आणि कातडीसारखं धरून बसतं.

पुसायला माझं विरलेलं लुगडं फाडलं. जानकीने मला विचारलं, नाही असं नाही. फाडून झाल्यावर विचारलं.

पण पहिला बोळा फळीवर फिरला आणि मी पुढे सरकले. इतकी वर्षं ज्या फळीवर मी पाठ टेकली ती मळकी, राखाडी होती. तेल लागलं तिथे आतून पिवळं उमटलं, पिकल्या गऱ्यासारखं, आणि त्यात रेषा, लाटांवर लाटा. जणू फणस अजून आत होता. मी हात लावायला गेले तर जानकीने मनगट धरलं. तेल जरा मुरू द्यायचं आणि मग सगळं पुसून काढायचं, लावलंच नव्हतं असं. याला एक हात म्हणायचं. मग आठवडाभर सुकवायचं आणि दुसरा हात. पुसायचंच तर लावायचं कशाला, हे मला पटलं नाही. पण पुसल्यावरही रंग होता तिथेच राहिला.

दोघं दोन बाजूंनी पुसत होती. फळी केवढी आणि त्यात दोन माणसांचं काम किती, ते मला दिसत होतं. बोलले नाही. बोलले असते तर एकाला बाजूला व्हावं लागलं असतं.

वसुधाने चहा केला. आम्हाला कपातून, भीमराजला काचेच्या ग्लासातून. तो ग्लास खिडकीच्या कोपऱ्यात वेगळा उपडा असतो, दुसऱ्या कुणाच्या चहाला निघत नाही. भीमराज तो वरच्या काठाला दोन बोटांनी धरतो आणि हात बदलत पितो. हे लिही म्हटलं तर वसुधा पेन झटकायला लागली. शाई संपली म्हणते. मी म्हटलं, बाकीच्या ओळींना पुरली ती याच ओळीला कशी संपली? मग म्हणते, कप कमी पडले. कप मांडणीवर बसून आमच्याकडे बघत होते. असो. मी तरी काय केलं? बघितलं आणि माझा चहा प्यायले.

जाताना भीमराजने तेलाच्या चिंध्या कठड्यावर एकेक पसरून वाळत घातल्या. का, तर स्टुडिओत मिस्त्री घालायला लावतो म्हणून. मिस्त्री का लावतो, ते याने विचारलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

चिंध्या वाळून पापड झाल्या. जुन्या लुगड्याची चिंधी मी टाकत नाही. माझ्या आईने कधी टाकली नाही, सासूने टाकली नाही. त्यातून पोतेरं होतं, वाकळीचं अस्तर होतं, काहीच नाही तर चूल पेटते. तुपाचा रिकामा डबा होता, झाकण हरवलेला, त्यात कोंबून गॅलरीतल्या बाकाखाली ठेवल्या. माझं लुगडं तुकड्या-तुकड्यांनी कठड्यावर लटकलेलं सगळ्या चाळीने बघितलं. पाण्याला येणाऱ्या बायका वर बघून हसत होत्या. पुढच्या वेळी लगेच काढून घेईन.

सोमवार, १७ मार्च

काल घर पेटता पेटता राहिलं. अक्षर वाकडं आलं असेल तर वसुधाचा दोष नाही, माझेच शब्द जागेवर नाहीत. ओळीने सांगते.

सकाळी दुसरा हात झाला. यावेळी तेल सढळ होतं आणि चिंध्याही पुष्कळ झाल्या. गिटार गॅलरीत खिळ्याला तारेने टांगली. भीमराजने चिंध्या कठड्यावर घातल्या आणि जेवायला घरी गेला. त्याची पाठ वळल्यावर मी त्या ओल्याच काढल्या, एकात एक गुंडाळून घट्ट लाडू केला आणि डब्यात दाबला. डबा बाकाखाली, गिटार बाकाच्या वर. जेवणं झाली, जयवंत आडवा झाला. मी गॅलरीच्या टोकाला माझ्या शेगडीपाशी बसले होते, माझं माझं काही काम होतं. ते आटपून आत जाताना पायाला डबा लागला. कोमट होता. म्हटलं, ऊन.

नंतर भीमराज आला. गॅलरीत गिटार बघत उभा राहिला, मग दारात येऊन जानकीशी बोलत होता. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून धूर आला. आणि धूर आला म्हणेपर्यंत भडका. बाकावरचं गोणपाट पेटलं, पडदा पेटला, गिटारीची खालची कड ज्वाळेत. भीमराजने नुसत्या हाताने गिटार ओढून काढली. जयवंत बनियनवर धावला, पिंपातलं पाणी बादली-बादलीने मारलं. पडदा खेचताना त्याचा तळवा भाजला. मोठा फोड आला आहे.

विझल्यावर जयवंत हुंगत उभा राहिला. म्हणाला, "इथे तंबाखूचा वास येतोय. कोण ओढत होतं?"

गॅलरीत उभा होता तो एकच माणूस.

भीमराज म्हणाला, "काका, मी ओढत नाही."

"मग वास काय माझ्या आईने सोडला?"

मला ठसका लागला. जानकी पाणी आणायला आत पळाली.

जयवंत असा नव्हता. गिरणीच्या भजनात ढोलकी वाजवायचा तेव्हा त्याच्याइतका थंड माणूस सबंध खात्यात नव्हता. काल त्याचा चेहरा पांढरा होता आणि आवाज परका. म्हणाला, उद्यापासून या जिन्यावर पाय ठेवायचा नाही, आणि जानकीनेही त्या जयंतीला जायचं नाही. म्हणजे जयंतीचं त्याला कुठून तरी कळलंच होतं. भीमराजने हातातली गिटार जानकीकडे दिली आणि गेला. खालच्या कडेला तळहाताएवढा काळा डाग पडला आहे.

बुधवार, १९ मार्च

आता सांगते ते लिही आणि जयवंताला सांगू नकोस.

तो तंबाखूचा वास माझा होता. डॉक्टरने माझी मिसरी बंद केली आहे, तोंडात फोड येतात म्हणून. जयवंताने पुडी मोरीत ओतली होती. पण दात घासल्याशिवाय माणसाने दिवस कसा काढायचा? दुपारी सगळे झोपले की मी शेगडीवर तवा ठेवते, चिमूटभर तंबाखू भाजते, बोटाने चुरते. रविवारी तेच करत होते. निखारा उडाला असणार, वाऱ्याने बाकाखाली गेला असणार. दुसरं काय असेल? घर मी पेटवलं आणि जिना भीमराजचा बंद झाला.

हे सांगताना वसुधाचं पेन थांबलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि नवऱ्याला सांगेल. ती म्हणाली, "राहू दे, आई. झालं ते एका अर्थी बरंच झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"हेपण लिहू?"

मी म्हटलं, लिही.

तिने लिहिलं. पण बरं काय झालं ते सांगितलं नाही.

मी का सांगत नाही ते मलाच कळत नाही. जयवंत ओरडेल याची भीती नाही. तो ओरडणार नाही, नुसता बघेल. गिरणी बंद झाल्याचं सांगायला घरी आला होता तेव्हा बघत होता तसा. उद्या सांगीन.

बुधवार, २६ मार्च

आज धुळवड. खाली पोरं रंगात लोळत आहेत. जानकी सुट्टी असून उंबऱ्यात बसून काचेच्या तुकड्याने गिटारीचा डाग खरवडत होती. काळी साल निघते, खाली तपकिरी, तेही खरवडलं तर खाली पुन्हा काळं. जळलेलं खोल गेलं आहे. बापाशी बोलत नाही, आईशी बोलत नाही. माझ्याशी बोलली, ती नसती बोलली तर बरं.

"आजी, तू होतीस ना गॅलरीत? तू बघितलंस त्याला ओढताना?"

मी म्हटलं, माझा डोळा लागला होता.

हे माझ्याच तोंडून आलं आणि मीच दचकले. या वयात एवढं सफाईदार खोटं मला येतं हे मला ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, भीमराजने जयंतीच्या मंडळाला अजून काही सांगितलेलं नाही. चौदा तारखेला गिटार नसेल तर तो गाणार नाही, आणि का गात नाही हे चारचौघांत सांगावं लागेल. मग सगळी वस्ती म्हणेल, बिडीने लोकांचं घर पेटवणारा.

मिसरी मी त्या दिवसापासून लावलेली नाही. शेगडी कोपऱ्यात थंड पडली आहे. पण त्याने जिना उघडत नाही.

रविवार, ३० मार्च

वसुधा, आज घाई करू नकोस. मला दम लागतो आहे आणि तुझाही रंग उडाला आहे. दोघी मिळून आठवू.

सकाळी जयवंत जादा पाळीला गेला. जानकीने एकटीने तेलाचा हात दिला. डागावर जास्तच तेल दिलं, जळलेलं लाकूड पीत होतं. गिटार आत भिंतीला टांगली आणि ती पाण्याच्या कळशा घेऊन खाली गेली. चिंध्या तिने कठड्यावर पसरल्या होत्या. मी गेले आणि काढल्या. का काढल्या? सवय. हात डोक्याला विचारत नाहीत. पुन्हा तसाच लाडू वळला, पण आता गॅलरीची धास्ती होती म्हणून घमेल्यात घालून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. शेगडी बंद. स्टोव्ह बंद. देवापुढचा दिवासुद्धा सकाळीच विझलेला.

जेवणानंतर आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. वसुधा म्हणाली, कसला वास येतो? तो तंबाखूचा नव्हता. तो बेल तेलाचा होता, पण कडू झालेला, नाकात शिरून डोळ्यांत जाणारा. त्या दिवशीही भडक्याच्या आधी हाच वास होता, ते मला आत्ता आठवलं.

मी मोरीत गेले आणि त्या लाडवावर हात ठेवला. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तसं ऊन. आत बोट घातलं तर चटका बसला. लाडू सोडवायला घेतला तर आतलं लुगडं तपकिरी, त्याच्या आतलं काळं, आणि वारा लागला तशी मधोमध लाल ठिणगी उमलली. कुणी काडी ओढलेली नाही. घरात आग कुठेच नाही. माझ्या हातात माझं लुगडं आपल्या आपण पेटत होतं.

वसुधाने माझ्या हातातून ते खाली पाडलं आणि वर कळशी ओतली. मग आम्ही दोघी मोरीच्या ओल्या कट्ट्याला धरून उभ्या राहिलो. मला भूत आठवलं, देव आठवला, गावचा गाऱ्हाणं घालणारा आठवला.

वसुधा हळूच म्हणाली, "आई, आज तुमची शेगडी पेटलेली नव्हती."

एवढंच म्हणाली. मग जाऊन कठड्याकडे बघत राहिली. तिथे एक चिंधी मी विसरले होते. ती उन्हात पसरलेली होती, थंडगार.

मंगळवार, १ एप्रिल

काल जयवंत कामावरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मिसरी, तवा, चिंध्या, लाडू. तो ओरडला नाही. बघितलं, तेही थोडंच. पण पटलं नाही. म्हणाला, "आई, कापड आपलं आपण पेटत असतं तर कापडगिरणीत मी हयात काढली, मला कळलं नसतं?"

मी म्हटलं, मग बघ.

आज त्याला सुट्टी. मी त्याच्या डोळ्यांदेखत लुगड्याच्या उरल्या चिंध्यांना बेल तेल लावून लाडू वळला, तुपाच्या त्याच काळ्या डब्यात घातला आणि डबा खाली अंगणात विटांवर ठेवला. आम्ही तिघं भोवती बसलो, दूध उतू जाण्याची वाट बघावी तसे. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, काय शिजतंय. जयवंताने दोनदा घड्याळ बघितलं आणि मी हसणार नाही असं मनात म्हणत राहिले. ऊन कलायला आलं तेव्हा डब्यातून धुराची एक बारीक दोरी निघाली. जयवंत हात लावायला गेला आणि हात मागे घेतला. भाजलेलाच हात होता.

तो उठला. मग चपला घातल्या. मी म्हटलं, थांब, मीपण येते. वसुधा नाही आली.

मागच्या चाळीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेले. दोन भिंतींचं अंतर. भीमराज दारात रंधा मारत होता. त्याची आई राधाबाई चटई घालायला उठली. जयवंताने उभ्याउभ्याच सांगितलं, तेलाच्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या की आपोआप तापून पेटतात, त्यांनी आग लागली, तुझा काही दोष नाही, मी बोललो ते चुकलं. चार माणसांत सांगितलं, आवाज न लपवता. माझ्या मुलाची मला लाज वाटली नाही. मी माझी मिसरीची गोष्टही सांगितली, म्हटलं, हसा आता. राधाबाई हसली. भीमराज नाही हसला.

रंधा बाजूला ठेवून तो माझ्याकडे वळला. काकांकडे नाही, माझ्याकडे.

"आजी, मी बिडी ओढत नाही हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं."

आगीने मी हबकले नव्हते एवढी या वाक्याने हबकले. कारण खरं होतं. पंधरा दिवस तो आमच्या गॅलरीत येत होता. त्याच्या खिशात पेन्सिल आणि पट्टी असते हे जयवंताला माहीत, वसुधाला माहीत, मला माहीत. एकाने तरी म्हणायचं होतं. मिसरीचं नसतं सांगितलं तरी एवढं म्हणता आलं असतं.

राधाबाईने चहा दिला. मला कप, जयवंताला कप, भीमराजला कप, स्वतःला कप. माझ्या कपाचा कान जरा उडालेला होता. जयवंताने चहा खाली बघत पण शेवटपर्यंत प्यायला.

निघताना भीमराज म्हणाला, गिटार चौदापर्यंत होईल, पण मी तुमच्याकडे येणार नाही. इथे पाठवा. जयवंत म्हणाला, जानकी घेऊन येईल. हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी त्याचा चेहरा बघायला मान वर केली, पण तो पुढे निघून गेला होता.

बुधवार, ९ एप्रिल

जानकी कामावरून सुटली की गिटार घेऊन मागच्या चाळीत जाते, तेलाचा हात द्यायला. एका हाताला आठवडा सुकवायचं असं मला शिकवलं होतं. ही रोज जाते. मी म्हटलं, काय गो, लाकडाला एवढी तहान? म्हणाली, आजी, आता चोळायचं काम आहे, कोरड्या कापडाने. मी म्हटलं, चोळ. वसुधा चपाती लाटत होती. लाटणं मध्येच थांबलं आणि मग नेहमीपेक्षा जोरात फिरलं.

चिंध्या आता पाण्याच्या बादलीत बुडवून, मग पसरून वाळवायच्या, असा जयवंताने हुकूम काढला आहे. माझ्या लुगड्याला एवढी शिस्त माझ्या अंगावर असताना नव्हती.

उद्या पाडवा. गुढीला कोरं वस्त्र आहे, तेलाच्या हातांपासून लांब ठेवलं आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

काल गेले. जयवंत मला हाताला धरून घेऊन गेला. वसुधाचं डोकं दुखत होतं, ती घरी राहिली. म्हणून तिला सगळं नीट सांगते.

मैदानात निळ्या पताका, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, चटयांवर मुलं. राधाबाईने मला पुढे बसवलं. जानकी स्टेजवर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पांढरी साडी, खांद्यावरून पट्टा आणि पोटाशी माझी फळी. दिव्यांखाली ती अशी पिवळी पेटली होती की बाजूची बाई म्हणाली, सोन्याचा मुलामा दिलाय की काय? मी म्हटलं, फणस आहे, गावचा. खालच्या कडेचा डाग तसाच होता. तो त्यांनी पुरा खरवडला नाही, रंगवलाही नाही, नुसतं तेल देऊन गुळगुळीत केला आहे. काळ्या दगडासारखा चमकत होता.

मग तिने पहिली तार छेडली. बिनपोटाच्या लाकडातून तो आवाज आला आणि मी चटईवरून अर्धी उठले. मला वाटलं, किणकिण होईल. तो छातीत आला, दातांत आला. ज्या फळीवर मी इतकी वर्षं कमर टेकून झोपले ती इतकं बोलू शकते, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. जयवंताची बोटं त्याच्या गुडघ्यावर ढोलकी धरत होती. त्याला वाटलं, मला दिसत नाही.

भीमराज गायला. चांगला गातो. गाताना लोकांकडे बघायचं सोडून कुठे बघत होता ते मी सांगत नाही, तिथे त्याची आईही होती आणि माझा मुलगाही होता आणि दोघांनाही डोळे आहेत.

शेवटी मी स्टेजपाशी गेले. भीमराज खाली वाकला. मी म्हटलं, "आता ये रे घरी. म्हातारी मिसरी लावत नाही, वास येणार नाही."

तो म्हणाला, "बघू, आजी."

नाही म्हणाला नाही. एवढंच आहे आमच्या पदरात. वसुधा, लिहिलंस ना? वाच बघू. नको, राहू दे. डोळे मिटतात माझे.

आई झोपल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे खालचं माझं.

डोकं दुखत नव्हतं. कठड्याशी उभी राहून मी शेवटचं गाणं होईपर्यंत ऐकलं. वाजवणारी माझी मुलगी आहे हे मैदानातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि मी अंधारात होते.

आज सकाळी खिडकीतला काचेचा ग्लास घासला आणि कपांच्या रांगेत ठेवायला गेले. उंच आहे, मांडणीच्या कप्प्यात बसेना. मग माझा चहा त्यातच ओतला आणि उचलला. लगेच खाली ठेवावा लागला. कान नाही त्याला, हात भाजतो. काठाला दोन बोटांनी धरला, मग दुसऱ्या हातात घेतला, मग पुन्हा पहिल्या.

एवढा वेळ भीमराज कसा धरत होता कोण जाणे.